एर्लिंदाने चढवलेला दाता

त्या आठवड्यात एर्लिंदा बाएनाकडे सही मागायला येणाऱ्यांची रांग लागली होती. कागद एकच, अर्ध्या पानाचा. त्यावर लिहिलं होतं की टॅक्सी नंबर सदतीसचा मागचा भाग मी निष्काळजीपणाने मापाबाहेर बसवला, आणि यापुढे सगळ्या गाड्या पुस्तकाप्रमाणे बसवीन. सही केली की स्टँडवरच्या चौदा टॅक्सींच्या जप्त नंबरप्लेटी परत मिळणार होत्या. नाही केली तर वर्कशॉपला सील. आणि सही केली तर नाबोर ओकाम्पोचा टॅक्सीचा बिल्ला कायमचा जाणार होता, कारण सदतीस नंबर तो चालवायचा आणि सदोष गाडी रस्त्यावर आणल्याचा ठपका आपोआप त्याच्यावर बसणार होता. ही शेवटची गोष्ट कागदावर कुठेच नव्हती. पण सान ओनोफ्रेत ती शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

घडलं होतं ते असं. ला पाल्माच्या उतारावरून नाबोर तीन बायका आणि पेरूची एक टोपली घेऊन खाली येत होता. वळणावर गॅसच्या टाक्यांचा ट्रक, गल्ली चुकली म्हणून, उलटा मागे येत समोर आला. नाबोरने गाडी भिंतीवर घातली. बायकांना थोडं खरचटलं, पेरू चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गडगडत गेले आणि नाबोरचं खांद्याचं हाड मोडलं. ट्रक होता नगरसेवक गालेआनाचा. मग काय, चोराच्या उलट्या बोंबा! दुसऱ्याच दिवशी नगरसेवकाचा वकील चौकात सांगत सुटला, की त्या वोचो गाडीचं ढुंगणच वर उचललेलं होतं, ती उतारावर सावरणार कशी? राजधानीतून एक इंजिनियर बोलावला गेला. त्याने नगरपालिकेच्या अंगणात सदतीस नंबरचं मागचं चाक काढून माप घेतलं, आणि माप खरोखरच बाहेर निघालं. मग एकाच हाताने बसवलेल्या म्हणून आणखी तेरा गाड्यांच्या प्लेटी काढून नेल्या.

तो हात एर्लिंदाचा. सान ओनोफ्रेच्या कासवपाठी वोचो टॅक्सींच्या पोटाखाली तो हात एकोणचाळीस वर्षं फिरत होता.

आणि हेही सांगून टाकलं पाहिजे की नाबोर काही तिचा लाडका नव्हता. गेली वीस वर्षं तो दारूच्या गुत्त्यात बसून म्हणत आला होता, की बाईच्या हाताला मक्याच्या पिठाचा वास यावा, ग्रीसचा नव्हे. गाडी मात्र तिच्याकडेच आणायचा. आणायचा, बाहेर उभा राहायचा, आणि "उस्ताद आहेत का आत?" असं मुद्दाम विचारायचा. ती गाडीखालून ओरडायची, "उस्ताद मेला! आता उस्तादीण आहे. थांबायचं तर थांब, नाहीतर चालता हो." तो थांबायचा. दुसरीकडे जाणार कुठे?

एर्लिंदा मुळात चांदीच्या कारखान्यातली. एकोणिसाव्या वर्षी ती एका टेबलाशी बसून कानातल्यांच्या कडा घासायची, दिवसाला दोनशे. नजर बारीक, हात हलका. मामा लेआंद्रो यांचं गाड्यांचं वर्कशॉप कारखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. ते फक्त एकच काम करत: गाडीची चाल. शॉकअप, रबरी बुश, पुढचे पाटे, मागचे दांडे. इंजिनाला हात लावत नसत. "इंजिन बिघडलं तर माणूस उशिरा पोचतो," ते म्हणत, "चाल बिघडली तर पोचतच नाही."

मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा ते दाते बोटांनी मोजू लागले. वोचोच्या मागच्या बाजूला स्प्रिंग नसते. आडव्या नळीत प्रत्येक चाकासाठी हातभर लांबीचा एक पोलादी दांडा असतो; तो पिळला जातो आणि त्या पिळावर गाडी तरंगते. दांड्याच्या आतल्या टोकाला चाळीस दाते, बाहेरच्या टोकाला चव्वेचाळीस. बाहेरच्या टोकावर एक लांबट लोखंडी पाटा बसतो आणि त्या पाट्याच्या दुसऱ्या टोकाला चाक. पाटा किती कोनात लोंबतो त्यावर गाडी मागून किती उंच उभी राहणार हे ठरतं. आतला एक दाता पुढे घेतला आणि बाहेरचा एक मागे घेतला, तर पाटा सरकतो फक्त पन्नास मिनिटं. अंशाचे साठ भाग करा, त्यातले पन्नास. दात्यांची ही करामत मामांच्या बोटांत होती, पण एका दुपारी बोटं चुकली आणि गाडी एका अंगाने लंगडी झाली. मामा दगडावर बसून राहिले. एर्लिंदा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने डबा ठेवला, कानातल्यांच्या कडा बघावी तशी दांड्याची टोकं दिव्याखाली धरली, आणि दाते मोजले.

"डावा दांडा उजवीकडे गेलाय," ती म्हणाली.

मामा हादरलेच. दांडे कारखान्यातून आपापल्या बाजूच्या दिशेने पिळून येतात. डावा उजवीकडे घातला तर महिनाभरात बसतो. टोकावर खूण असते, पण ती खूण ग्रीसखाली गेली होती. "तुला कसं कळलं?"

"ओरखड्यांची दिशा उलटी आहे. दागिन्यावर कानस कुठून फिरली ते मला कळतं, मग हे का नाही कळणार?"

पुढच्या सोमवारी तिने चांदीचा कारखाना सोडला. आई रडली, मामेभाऊ हसले. मामा वारल्यावर त्याच मामेभावांनी वर्कशॉप विकायचं ठरवलं, तेव्हा ती दारात पाना घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "या, ज्याला विकायचंय त्याने आधी एक वोचो सरळ उभी करून दाखवावी." कोणी पुढे आलं नाही. लग्न तिने एकदा केलं होतं, ते टिकलं नाही. त्याबद्दल ती बोलत नसे आणि आपणही बोलू नये.

आता पुस्तकाबाहेरचं माप. ती ते लपवत नव्हती. पुस्तकात साडेसतरा अंश लिहिलेत. ती टॅक्सी बसवायची ती एक दाता चढवून, म्हणजे अठरा अंश वीस मिनिटं. कारण पुस्तक लिहिणाऱ्याने दोन माणसं पुढे आणि दोन मागे बसवली आहेत. सान ओनोफ्रेच्या टॅक्सीत ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकलेली असते, माणसं तिथून आत शिरतात, आणि दार ड्रायव्हर दोरी ओढून बंद करतो. सगळं वजन मागे. तिघं माणसं, त्यांच्या टोपल्या, वर मागचं इंजिन. चढ लागला की हे सगळं आणखी मागे येतं, आणि गल्ली संपून रस्ता लागतो तिथे गाडी दगडावर आपटते. पुस्तकाप्रमाणे बसवलेली टॅक्सी या गावात तीन महिन्यांत तळ फाटून येते. एर्लिंदाने अशा कितीतरी पाहिल्या होत्या.

बुधवारी संध्याकाळी एसेकिएल आला. तो टॅक्सी स्टँडचा सेक्रेटरी. त्याच्या धाकट्या मुलीचा बाप्तिस्मा एर्लिंदाच्या मांडीवर झाला होता, त्यामुळे तो तिला कोमाद्रे, म्हणजे लेकीची धर्मआई, म्हणायचा आणि तिला त्याच्यावर ओरडायचा जन्माचा हक्क होता.

"कोमाद्रे, एक सही," तो दारातूनच म्हणाला. "रेघ ओढायची फक्त. चौदा घरं बसून आहेत."

"चौदा घरं बसून आहेत ते मला दिसतंय. माझ्याच दारात येऊन बसतात."

"मग?"

"मग काय? निष्काळजीपणाने म्हणे! एसेकिएल, तू मला निष्काळजी पाहिलंयस कधी? तुझ्या लग्नात मी हरवलेली अंगठी शोधून दिली होती. तुझ्या बायकोच्या बोटातून पडली होती, अन् तू तेव्हा टेबलाखाली झोपला होतास."

"ते जाऊ दे ना..."

"जाऊ दे कसं! सही केली की नाबोर गेला. हे तुला ठाऊक आहे."

एसेकिएलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नाबोर तुमच्याबद्दल काय बोलतो ते मी सांगायला नको."

"नको. मला पाठ आहे."

"मग त्याच्यासाठी वर्कशॉप घालवता? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

एर्लिंदाने कागद पुन्हा वाचला. या वेळी ती माप लिहिलेल्या ओळीवर थांबली. इंजिनियरने घेतलेलं माप: चोवीस अंश वीस मिनिटं.

"चोवीस?" ती म्हणाली. "चोवीस अंशांवर गाडी उभी राहील ती तोंड जमिनीला लावून. माझ्या हातून पन्नास मिनिटं जास्त जातात. जवळजवळ सात अंश जात नाहीत. गाडी उभी कशी होती अंगणात?"

"कशी म्हणजे? तोंड चौकाकडे."

"चढाकडे."

"चढ कुठला? अंगण सपाट आहे. मी स्वतः सांगितलं इंजिनियरला, साहेब इथेच मोजा, गावात एवढीच सपाट जागा आहे."

 एर्लिंदा हसायला लागली, आणि हसता हसता तिला राग आला. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात; सान ओनोफ्रेचं अंगण खरोखरच वाकडं, आणि तिथे जन्म गेलेल्यांना ते कळत नाही. इथे टेबलाच्या दोन पायांखाली दगड असतात, पलंगाखाली विटा असतात, आणि पालिकेच्या अंगणात पोरं फुटबॉल खेळतात तेव्हा अर्ध्या वेळेनंतर गोल बदलतात. खालच्या बाजूच्या गोलात बॉल आपणच जातो हे सगळ्यांना माहीत असतं. तरी विचारलं तर म्हणणार, अंगण? सपाट आहे की.

"उद्या अकरा वाजता," ती म्हणाली. "इंजिनियरला सांग, माझ्यासमोर पुन्हा मोजायचं. नाहीतर सही नाही. आणि तो वकीलही येऊ दे."

गुरुवार होता, म्हणजे गावभर हिरव्या पोसोलेची, मक्याच्या रश्श्याची, पातेली उकळत होती आणि सगळ्यांनाच लवकर जेवायला जायची घाई होती. तरी अंगण भरलं. चौदा ड्रायव्हर, त्यांच्या बायका, पेरूवाली बाई पाय पट्टीत बांधून. नाबोर भिंतीला टेकून, हात गळ्यात अडकवलेला, कोणाकडे न बघता. सदतीस नंबर जॅकवर चढलेली, नाक चेपलेली, मागचं उजवं चाक काढलेलं. पाटा मोकळा लोंबत होता.

इंजिनियर आरिस्मेंदी पस्तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. वाईट माणूस नव्हता, हे एर्लिंदाला लगेच कळलं आणि तिची थोडी पंचाईत झाली. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

"दोन्या एर्लिंदा, माप मी दोनदा घेतलं आहे," तो अदबीने म्हणाला.

"घेतलं असेल. तिसऱ्यांदा माझ्या देखत घ्या. पण त्याआधी सांगा, अंगण सपाट आहे असं कोणी सांगितलं?"

इंजिनियरने एसेकिएलकडे पाहिलं. एसेकिएलने छाती पुढे काढली. "मी. सपाटच आहे. इथे आम्ही नाचतो."

एर्लिंदाने खिशातून बेअरिंगची एक पोलादी गोळी काढली आणि गाडीच्या मागच्या बाजूला फरशीवर ठेवली. गोळी क्षणभर थांबली, मग निघाली. आधी हळू, मग चांगली टणटणत, बायकांच्या पायांमधून वाट काढत, थेट खालच्या बाजूला सावलीत उभ्या असलेल्या वकिलाच्या बुटाला जाऊन लागली. वकिलाने पाय मागे घेतला. सगळं अंगण हसलं.

"सपाट," एर्लिंदा म्हणाली. "आता मोजा."

इंजिनियरने कोनमापक पाट्यावर धरला. त्याच्या मधोमध पाणसळ होती. बुडबुडा मध्ये आला तेव्हा त्याने आकडा वाचला. "चोवीस अंश वीस मिनिटं. तेच."

"हे पाणसळीच्या हिशेबाने. आता गाडी फिरवून तोंड उताराकडे करा, बारा येईल. मग म्हणाल, एर्लिंदाने गाडी बसकी केली." ती गुडघ्यावर बसली आणि दाराखालचा लांब पत्रा थोपटला. "हा गाडीचा उंबरा. आधी तो मोजायचा. गाडीचा कोन गाडीच्या उंबऱ्यापासून धरतात, पाणसळीपासून नाही. मामा मला पहिल्या दिवशी हेच शिकवून गेले. मोजा."

इंजिनियरने उंबऱ्यावर कोनमापक धरला. बुडबुडा हलला, थांबला. तो बराच वेळ वाकून राहिला. उठला तेव्हा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"सहा अंश."

"चोवीस वीसमधून सहा गेले?"

"अठरा अंश वीस मिनिटं." त्याने बॅगेतून पुस्तक काढलं, पान शोधलं, बोट ठेवलं. "साडेसतरा... कमीजास्त पन्नास मिनिटं चालतात." त्याने मनात बेरीज केली आणि चेहरा उजळला. "बसतं! अगदी काठावर, पण बसतं. गाडी मर्यादेत आहे."

काय आरडाओरडा झाला! एसेकिएलने टोपी उडवली ती कौलांवर गेली. पेरूवालीने एर्लिंदाच्या गालाचा मुका घेतला. इंजिनियरने पेन काढून कागदावरचं 'निष्काळजीपणाने मापाबाहेर' खोडलं आणि वर नीट अक्षरात लिहिलं: 'पन्नास मिनिटांची चूक, परवानगीच्या मर्यादेत'. मग त्याने कागद तिच्यापुढे धरला.

"आता तर हरकत नाही ना? इथे सही करा. प्लेटी आजच परत."

एर्लिंदाने पेन घेतलंही. तेवढ्यात वकील पुढे आला आणि इंजिनियरला म्हणाला, हळूच, पण ती जवळच होती, "चूक हा शब्द राहू द्या. मला तेवढा पुरे आहे."

तिने पेन खाली केलं.

"साहेब, चूक लिहिली तर नाबोरचं काय होतं?"

इंजिनियर घोटाळला. "म्हणजे... चूक असलेली गाडी चालवली, असं होतं. बिल्ल्याचं पुढे वकील बघतील."

"आणि चूक नसती तर?"

"तर गाडीत दोषच नाही. मग अपघाताचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल."

दुसरीकडे म्हणजे ट्रककडे. गालेआनाचा वकील घड्याळात बघू लागला.

 एर्लिंदा घाबरली होती, हे लपवण्यात काही अर्थ नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई, दुसरं काम येत नाही, आणि समोर सगळे तिचेच लोक, सकाळपासून उपाशी, तिच्या हाताकडे बघत. सही केली तर आज संध्याकाळी ती घरी जाऊन पोसोले खाईल. गप्प बसायचं होतं फक्त. आयुष्यात इतक्या वेळा ती गप्प बसली नव्हती की एकदा बसली असती तर देवानेही काही म्हटलं नसतं.

"चूक खोडा," ती म्हणाली.

"मग काय लिहू?"

"मुद्दाम लिहा."

 एसेकिएल पुटपुटला, "कोमाद्रे, देवाशपथ, पुरे आता."

इंजिनियरने तिला बाजूला घेतलं. "ऐका माझं. चूक म्हटलं तर फाईल इथे बंद होते. मुद्दाम म्हटलं तर एका मेकॅनिकने स्वतःच्या मताने माप बदललं असं होतं. मला ती फाईल वर पाठवावी लागेल. उत्तर येईपर्यंत वर्कशॉपला सील. सहा महिने लागतील, वर्षही लागेल. तुमचं काम मर्यादेत आहे, मी ते लिहितोय. मग एका शब्दासाठी कशाला?"

"कारण ती चूक नाही. चूक माझ्या हातून झाली असती तर मी गावभर सांगत फिरले असते. मागे बेनिग्नोच्या गाडीला बुश उलटा बसवला तेव्हा मी स्वतः त्याच्या घरी गेले होते. पण हे मी समजून उमजून केलंय. एकोणचाळीस वर्षं, एकेका गाडीला."

वकील हसला. "म्हणजे तुम्ही कारखान्यापेक्षा शहाण्या?"

"कारखान्याने चार सीटची गाडी बनवली. आम्ही एक सीट काढून दारात फेकली. गाडी बदलली, मग पुस्तक बदलायला नको? कोणी बदललं नाही म्हणून मी बदललं. या गावात उतारावर माणसं राहतात, वकीलसाहेब, आणि ती मागच्या सीटवर बसतात. पुस्तकवाल्याला कोणीतरी ला पाल्मावरून तीन बायका घेऊन उतरायला लावा, मग बोला."

"बायकांचं वजन काढू नका," पेरूवाली म्हणाली.

"तुझंच काढतेय. तूच होतीस आत."

भिंतीकडून आवाज आला. नाबोर. "सही करून टाका, बाई. माझं मी बघीन. माझ्यासाठी नको."

वीस वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच सरळ बोलला होता. तिला ते आवडलं आणि त्याचा तिला आणखी राग आला.

"तू गप्प बस! तुझ्यासाठी करत नाही मी. तुला मी माझ्या गाढवाचा नालसुद्धा देणार नाही. माझ्या हाताच्या कामाला कोणी चूक म्हणतंय, त्याच्याशी माझं भांडण आहे. तू मध्ये आलास तो तुझा नशीबवानपणा." ती इंजिनियरकडे वळली. "लिहा."

त्याने लिहिलं. चूक हा शब्द खोडला आणि वर लिहिलं: 'टॅक्सी नंबर सदतीस, पाट्याचा कोन अठरा अंश वीस मिनिटं, मर्यादेत, मुद्दाम ठेवलेला'.  एर्लिंदाने गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. चांदीच्या कडा घासलेला हात, अक्षर छापल्यासारखं, 'बाएना' मधला एकही फराटा न चुकता.

दुपारी दोन वाजता वर्कशॉपच्या दाराला कागदी पट्टी आणि लाखेचा ठिपका लागला. इंजिनियरने स्वतः लावला आणि म्हणाला, "मला वाईट वाटतं." ती म्हणाली, "वाटू द्या. वर्कशॉप मिळणार नाही त्याने." मग तिला त्याची दया आली आणि तिने त्याला पोसोलेचा एक वाडगा दिला, कारण गुरुवारी पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत.

प्लेटी परत मिळाल्या. गालेआनाच्या ट्रकची चौकशी लागली. ती अजून चालू आहे, आणि तशा माणसांची चौकशी चालूच राहते, त्यात नवल नाही. पण नाबोरचा बिल्ला तीन आठवड्यांनी परत आला, शिक्क्यासकट. वरून सीलबद्दल उत्तर काही आलं नाही.

चौथ्या आठवड्यात सदतीस नंबर नवीन नाक लावून आठ ड्रायव्हरांनी ढकलत चढावर आणली आणि बंद दारासमोर उभी केली. शेवटचा वोचो कारखान्यातून निघून सहा वर्षं झाली होती. नवी आणायची कुठून? हीच परत उभी करायची होती. एर्लिंदाने चाकांखाली दगड लावले, फरशीवर पोतं अंथरलं आणि पाठीवर झोपून आत सरकली. वर्कशॉपमध्ये काम करू नये असा हुकूम होता. गल्लीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. सीलवर पाळत ठेवायला नेमलेला पालिकेचा शिपाई, तोंडाळ तोमास, दुसऱ्या बाजूला स्टुलावर बसला होता. त्याच्या स्टुलाच्याही दोन पायांखाली दगड होते. रोज काय घडलं ते त्याला वहीत लिहून पाठवावं लागे.

नाबोर एका हाताने दिवा धरून गाडीशेजारी वाकला. 

"दोन्या लिंदा," तो म्हणाला, "या वेळी पुस्तकाप्रमाणे बसवा. साडेसतरा. मी हळू चालवीन. तुमच्यामागे पुन्हा लफडं नको."

 गाडीखालून दांडा नळीत सरकल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा सरकला. मग पाट्यावर हातोडीचे दोन हलके ठोके. तिने उंबरा मोजला, पाटा मोजला, आणि बाहेर आली. केसांना ग्रीस, कपाळाला धूळ.

"तोमास!" तिने हाक मारली. "वही आहे ना? लिही."

तोमासने जीभ दातांत धरून पेन्सिल ओली केली. "काय लिहू?"

समोरच्या खिडकीत बायका आल्या होत्या, खाली वळणावर दोन टॅक्सी थांबल्या होत्या.

"अठरा अंश वीस मिनिटं," ती मोठ्याने म्हणाली, गल्लीच्या खालच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने. "आणि पुढे लिही, मुद्दाम. खाली माझं नाव."